उधारीच्या दिवसांचा भाव



स्मृतिव्याख्यानाला शोभेल असा विषय घ्या, असं संयोजकांनी सुचवलं होतं. उधारी आणि वसुली हा विषय शोभतो की नाही, ठाऊक नाही. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते स्वतः कारखानदार होते. कारखानदाराच्या आठवणीत येणेबाकीचा विषय निघाला तर त्यांनाही वावगं वाटलं नसतं.

माझा पेशा दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्या-तपासण्याचा. दर मार्चमध्ये आमच्या ऑफिसात एक संवाद ठरलेला असतो. आम्ही म्हणतो, "यंदा अठरा लाख नफा दिसतोय. पंधरा तारखेच्या आत ॲडव्हान्स टॅक्स भरून टाका." समोरचा गृहस्थ आधी आमच्याकडे बघतो, मग कागदाकडे. "अठरा लाख? अहो, कॅश क्रेडिटचं खातं लिमिटला टेकलंय. गेल्या महिन्याचा पगार भिशी उचलून केला. हे अठरा लाख आहेत तरी कुठे?" काहींना मनातून वाटतं, की सीएनेच काहीतरी घोळ घातलाय.

घोळ नसतो. नफा खरा असतो आणि खिसा रिकामा आहे हेही खरं असतं. नफा किती झाला हे सांगायला आम्ही आहोत. तो आत्ता कुठे पडला आहे हे मात्र मालकाला स्वतःला सांगता यायला हवं, आणि आजचं माझं बोलणं त्याबद्दल आहे.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागल-हातकणंगले वसाहतीत असते तशी एक छोटी फाउंड्री. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी माझे, पण तुमच्यापैकी कुणालाही ते परके वाटणार नाहीत. महिन्याला २० लाखांचं कास्टिंग जातं. पिग आयर्न, स्क्रॅप, वाळू वगैरे माल १२ लाखांचा. वीज अडीच लाख, पगार २ लाख, बाकी खर्च बँकेच्या व्याजासह २ लाख. उरले दीड लाख. वर्षाचे अठरा लाख ते हेच.

आता तारखा बघा. स्क्रॅपवाला पंधरा दिवस थांबतो, त्यापुढे त्याचा माणूस गेटवर येऊन बसतो. विजेचं बिल थांबत नाही. पगार सात तारखेला, भविष्य निर्वाह निधी पंधरा तारखेला. आणि गिऱ्हाईक? ते पंच्याहत्तर दिवसांनी पैसे देतं. बिल २० लाखांचं नसतं, त्यावर १८ टक्के जीएसटी चढून ते २३ लाख ६० हजारांचं होतं. अशी अडीच महिन्यांची बिलं कायम बाहेर, म्हणजे ५९ लाख रुपये. त्यातून पुरवठादारांनी आपल्याला दिलेली पंधरा दिवसांची उधारी वजा करा, सुमारे ७ लाख. आवारात पडलेला माल, अर्धवट साचे, पाठवायचं राहिलेलं कास्टिंग मिळून ६ लाख धरा. झाले ५८ लाख. दीड लाख महिना नफा कमावणाऱ्या या माणसाला ५८ लाख रुपये कायमचे अडकवून ठेवावे लागतात, तेव्हा कुठे तो दीड लाख दिसतो.

जीएसटीची गंमत स्वतंत्र सांगायला हवी. जुलैचं बिल केलं की त्यावरचा कर वीस ऑगस्टच्या आत भरायचा. गिऱ्हाइकाचे पैसे यायचे ऑक्टोबरमध्ये. खरेदीवरचं क्रेडिट वजा केलं तरी आपल्या फाउंड्रीवाल्याला महिन्याला सुमारे १ लाख ४४ हजार रोख सरकारात भरावे लागतात, म्हणजे जवळपास नफ्याइतके. वर आपण बिल पोर्टलवर चढवलं की गिऱ्हाईक त्या कराचं क्रेडिट घेऊन मोकळं. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट त्याला परत करावं लागतं हे खरं, पण १८० दिवस म्हणजे सहा महिने! कर भरला आपण, वापरला त्याने. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, जीएसटीसाठी वेगळं बँक खातं काढा. गिऱ्हाइकाचा एक रुपया आला की त्यातला कराचा हिस्सा त्याच दिवशी तिकडे वळवा. तो पैसा आपला कधीच नव्हता.

एवढ्यावर भागत नाही. नफा-तोटा पत्रकात न दिसणारे खर्च आणखी असतात. भट्टीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज पत्रकात येतं, मुद्दलाचा हप्ता येत नाही. हप्ता मात्र खात्यातून जातोच. मालकाने घरासाठी केलेली उचल, मुलीच्या कॉलेजची फी, गावाकडच्या घराचा स्लॅब, हेही प्रोप्रायटरच्या पत्रकात खर्च म्हणून दिसत नाही. दिवाळीचा बोनस पत्रकात दिसतो, पण कायद्याने किमान ८.३३ टक्के, म्हणजे बारा महिन्यांचं देणं एका आठवड्यात. उलट घसारा खर्चात दिसतो पण खिशातून जात नाही. हे सगळं जुळवलं की अठरा लाखांचा माग लागतो. बराचसा गिऱ्हाइकाच्या खात्यात, थोडा आवारात, थोडा भट्टीत आणि थोडा घरात.

यातला मोठा तुकडा गिऱ्हाइकाकडे असतो, म्हणून तिथेच थांबतो.

पंच्याहत्तर दिवस म्हणजे नेमके कधीपासून, हे किती जणांनी आपल्या पर्चेस ऑर्डरवर वाचलंय? बहुतेक ठिकाणी दिवस बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत. माल उतरला, तपासला, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद झाली, तिथून मोजतात. काही कंपन्या महिनाअखेरपासून मोजतात. तिथे तीस तारखेला पोचलेला टेम्पो आणि दोन तारखेला पोचलेला टेम्पो यांत दोन दिवसांचं नाही, एका महिन्याचं अंतर पडतं. गाडीचं भाडं वाचवण्यासाठी दोन दिवस माल थांबवणारा मालक मी पाहिलाय. भाडं वाचलं चार हजार. अडकलेल्या पैशाचं व्याज त्याने मोजलंच नव्हतं. त्यात रिजेक्शनची डेबिट नोट असते, आणि कच्च्या मालाच्या दरवाढीचा फरक तिमाही संपल्यावर ठरतो. पिग आयर्न वाढलं एप्रिलमध्ये, वाढीव दर मंजूर झाला ऑगस्टमध्ये. मधले चार महिने आपण वाढीव भावाने माल घेऊन जुन्या भावाने बिलं करत बसतो. हा फरक नंतर मिळतोही, पण मिळेपर्यंत तो आपणच पुरवलेला असतो.

माझं मुख्य म्हणणं आता सांगतो. उधारीचे दिवस हा भावाचाच भाग आहे. आपण किलोमागे पन्नास पैशांसाठी पर्चेसच्या साहेबाशी तासभर घासाघीस करतो, आणि तोच साहेब उठता उठता म्हणतो, "पेमेंट टर्म्स कंपनी पॉलिसीप्रमाणे, पंचेचाळीसचे पंच्याहत्तर झालेत." तिथे आपण मान हलवतो. त्या मान हलवण्याची किंमत काढू. व्याज शेकडा एक धरा, म्हणजे वर्षाला बारा टक्के. तीस दिवस वाढले म्हणजे २३ लाख ६० हजार आणखी अडकले. त्यावर महिन्याला २३ हजार ६०० रुपये. भावात सव्वा टक्क्याच्या आसपास सूट दिल्यासारखंच झालं की हे! दीड लाखाच्या नफ्याचा जवळपास सहावा हिस्सा एका वाक्यात गेला. बँकेचं लिमिट संपलं असेल आणि पैसा शेकडा दोनने खासगीत उचलावा लागत असेल, तर याच्या दुप्पट.

जुने व्यापारी या बाबतीत आपल्यापेक्षा पक्के होते. रोखीने घेतलंस तर इतका वटाव, महिन्याने दिलंस तर इतका, ही भाषा पेठेत रुजलेली होती आणि वटावाचं खातं कीर्दीत वेगळं चालायचं. मुदती हुंडी घेतली, की ती मुदतीआधी वटवताना किती कटणार हे दोघांनाही आधीच माहीत असायचं. कारखानदारी आली आणि भाव ठरवणारा माणूस एका टेबलावर, दिवस ठरवणारा दुसऱ्या टेबलावर, असं झालं. कोटेशन देताना तीन दर द्या, असं मी सुचवतो. पंधरा दिवसांचा, पंचेचाळीस दिवसांचा, नव्वद दिवसांचा. गिऱ्हाईक हसेल. हसू दे. दहातल्या एकाने जरी पंधरा दिवसांचा दर निवडला तरी तेवढा पैसा मोकळा होतो. बाकी नऊ जणांच्या बाबतीत आपण नेमकी किती सूट देतोय, हे निदान आपल्याला कळलेलं असतं.

वाढीचा धोका यातूनच येतो. आपल्या फाउंड्रीला मोठी ऑर्डर मिळाली, विक्री २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. पेढे वाटले. स्थिर खर्च वाटला गेल्यामुळे नफा दीड लाखावरून पावणेतीन लाख झाला असं उदारपणे धरू. पण अडकणारी रक्कम ५८ लाखांवरून ८७ लाख झाली. वरचे २९ लाख आणायचे कुठून? जास्तीचा नफा महिन्याला सव्वा लाख. त्यातली दमडीही न उचलता, आयकरही न भरता हा खड्डा भरायला तेवीस महिने लागतील. दोन वर्षं धंदा जोरात, लोकांच्या तोंडी नाव, आणि पगाराच्या आदल्या रात्री मालकाची झोप उडालेली. धंदा नसल्यामुळे बंद पडलेले कारखाने मी पाहिले. धंदा वाढल्यामुळे बंद पडलेलेही पाहिले, आणि त्यांचं दुःख जास्त कडू असतं, कारण शेवटच्या दिवसापर्यंत ऑर्डर हातात असते.

बँक मदत करते, पण तिचा हिशेब समजून घ्या. पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या १९९२ च्या अहवालापासून लहान उद्योगांसाठी एक ठोकताळा रूढ आहे. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागेल असं धरायचं. त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के मालकाने घालायचे. आपल्या उदाहरणात वर्षाची विक्री २ कोटी ४० लाख. बँकेचे ४८ लाख, मालकाचे १२. एकूण ६० लाख, गरज ५८ लाखांची. बसतं, पण जेमतेम. गिऱ्हाइकाने आणखी एक महिना ताणलं की वरचे २३ लाख या चौकटीत कुठेच बसत नाहीत. त्यात गाठ अशी, की दरमहा आपण स्टॉक स्टेटमेंट देतो तेव्हा नव्वद दिवसांवरची येणी बँक साधारणपणे ड्रॉइंग पॉवरमध्ये धरतच नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने जितका उशीर केला तितकी आपली उचलण्याची ताकद कमी. पैशाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच बँकेचा हात आखडतो. बँकेचा यात दोष नाही. नव्वद दिवस न आलेलं बिल तिच्या दृष्टीने संशयास्पदच.

मग ही फट कोण भरतं? ताळेबंदात ज्याचं नाव नसतं असं भांडवल असतं, बँकेत किंवा पतसंस्थेत तारण ठेवलेला घरातल्या बाईचा दागिना. तो सोडवून आणला की दिवाळी, पुन्हा ठेवला की आषाढ. वहिनींना कुणी भागीदार म्हणत नाही, नफ्यात हिस्सा देत नाही, आणि आम्हीही कधी विचारत नाही. आता मी विचारतो.

कायद्याची बाजू घाईने सांगतो, कारण ती कागदावर भक्कम आणि व्यवहारात लंगडी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रारीला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, ऑनलाइन पोर्टल आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, हे दोघांनाही ठाऊक. त्यामुळे तिथे जातो तो बहुधा ज्याचे संबंध आधीच तुटलेत तो. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) आणलं. ठरल्या मुदतीत न दिलेली रक्कम ३१ मार्चला बाकी असेल, तर खरेदीदाराला त्या वर्षी ती खर्चात धरता येत नाही. मार्च २०२४ मध्ये काही जणांची महिनोन्महिने रखडलेली बिलं त्यामुळे अचानक निघाली. आमच्याकडच्या काहींना मात्र गिऱ्हाइकाने गोड शब्दांत विचारलं, लघुउद्योग म्हणून असलेली 'उद्यम' नोंदणी काढून टाकता का? या कलमाची धारही फक्त वर्षाअखेरीस लागते. एप्रिलचं बिल फेब्रुवारीत दिलं तरी खरेदीदाराचा खर्च शाबूत. दुसरा मार्ग 'ट्रेड्स'चा. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांवर उभी राहिलेली ही बिलं वटवण्याची व्यवस्था. म्हटलं तर मुदती हुंडीचाच संगणकावरचा अवतार. खरेदीदाराने बिल मान्य केलं की त्याच्या पतीवर ते वटतं, आणि त्याने बुडवलं तरी आपल्या गळ्याशी येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नाव नोंदवणं आता सक्तीचं आहे. नाव नोंदवणं सक्तीचं, तुमचं बिल मान्य करणं नव्हे. तरी विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मुळात पैसा कमी अडकेल असं काम निवडणं हाही एक रस्ता असतो. त्यासाठी आपल्या शेजारच्या इचलकरंजीकडे जरा बघू. तिथला खर्चीवाला यंत्रमागधारक स्वतःचं सूत घेत नाही. व्यापारी सूत देतो, हा कापड विणून देतो आणि पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घेतो. लोक त्याला मालक असून मजूर म्हणतात. मजुरीचे दर पडले की तो भरडला जातो, ते दुःख खोटं नाही. पण सुताचा भाव कोसळला तर ते नुकसान व्यापाऱ्याचं, आणि सुतात अडकलेला पैसाही व्यापाऱ्याचा. उद्यमनगरातल्या मशीन शॉपला हीच निवड दर ऑर्डरला करावी लागते, नुसतं लेबर की मटेरियलसकट? मटेरियलसकट काम घेतलं की उलाढाल चौपट दिसते, बँक मॅनेजर चहा मागवतो, आणि नफा वाढतो तीस-चाळीस टक्के. अडकलेला पैसाही चौपट होतो, हे चहा पिताना लक्षात येत नाही. उलाढालीच्या आकड्याचा आपल्याकडे एक वेडा मान आहे. लग्नपत्रिकेत छापायला तो ठीक.

उधारीइतकाच पैसा गोदामातही मरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केले, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. प्रत्येक नांगरावर नफा किती, हा प्रश्न त्या दोन वर्षांत निरर्थक होता. त्या नांगरांचं लोखंड, कोळसा, मजुरी सगळं आवारात उभं होतं. पुढे १९१० साली औंध संस्थानात जागा आणि राजांचं आर्थिक पाठबळ मिळालं, किर्लोस्करवाडी उभी राहिली, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्यातली मधली दोन वर्षं मात्र गाळून सांगतो.

आता काय करायचं, ते एकाच गोष्टीपुरतं सांगतो. कीर्द झालेल्या व्यवहारांची असते. एक कागद पुढच्या कीर्दीचा करा. तेरा आठवड्यांचे तेरा रकाने. वर बँकेतली शिल्लक, खाली त्या आठवड्यात येणारे आणि जाणारे पैसे. येणाऱ्या रकान्यात गिऱ्हाईक कबूल करतं ती तारीख लिहू नका, गेल्या सहा बिलांना प्रत्यक्षात लागलेले दिवस मोजून लिहा. जाणाऱ्यात वीस तारखेचा जीएसटी, हप्ता, विजेचं बिल, बोनसचा बारावा हिस्सा आणि घरची उचल, सगळं. दर सोमवारी एक आठवडा खोडायचा, एक नवा जोडायचा. अर्धा तास लागतो. नवव्या आठवड्यात खड्डा दिसला तर आज हातात नऊ आठवडे आहेत. वसुलीला माणूस पाठवता येतो, स्क्रॅप कमी उचलता येतं, बँकेत वेळेवर बोलता येतं. तोच खड्डा पगाराच्या आदल्या दिवशी कळला तर फक्त दागिना उरतो.

आणि वसुलीचा फोन कुणाला करायचा? पर्चेसला नव्हे. त्यांना तुमच्या पैशाशी घेणं नाही. अकाउंट्समध्ये बिल ज्याच्या टेबलावर असतं त्याला करा, आणि मुदत संपल्यावर नाही, संपायच्या दहा दिवस आधी. "जीआरएन झाला का? बिलात काही त्रुटी आहे का?" एवढंच विचारायचं. रखडलेल्या बिलांतली निम्मी एचएसएन कोड, पीओ नंबर असल्या किरकोळ चुकीपायी पडलेली असतात, हा माझा अनुभव. आपल्याकडे स्वतःचे पैसे मागायची लाज वाटते, त्याला काय म्हणावं!

सगळ्यांच्या मनातला एक आक्षेप मला दिसतोय. आम्ही दिवसांचे पैसे लावले, तर ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाईल. जाईल ना. ऐंशी टक्के माल एकाच कंपनीला देणाऱ्याने हा प्रयोग उद्या करू नये, तो तोंडावर आपटेल. त्याने आधी पंपवाले, शेती अवजारवाले, सुट्या भागांचे व्यापारी अशी लहान पण लवकर पैसे देणारी गिऱ्हाइकं जोडावीत. त्याला दोन-तीन वर्षं जातात. तोवर मोठ्या गिऱ्हाइकाचं किमान वाढीव काम तरी जुन्या दिवसांवर घेऊ नये.

समोर काही मोठ्या कंपन्यांचे खरेदी अधिकारीही बसलेत, शेवटचं त्यांच्यासाठी. तुमच्या कंपनीला बँक आठ-नऊ टक्क्यांनी पैसा देते. तुमच्या पुरवठादाराला बारा टक्क्यांनी, आणि लिमिट संपल्यावर शेकडा दोनने, म्हणजे चोवीस टक्क्यांनी. तुम्ही दिवस वाढवता तेव्हा नऊ टक्क्यांचा पैसा बाजूला ठेवून चोवीस टक्क्यांचा पैसा तुमच्याच मालात घालता. तो आज ना उद्या कास्टिंगच्या भावात नाही तर दर्जात उतरतो. तेव्हा पुढच्या वेळी भाव कमी करून हवा असेल, तर आधी दिवस कमी करायची तयारी दाखवा आणि त्याबदल्यात किती उतरवतोस ते विचारा. बहुतेक जण तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त उतरवतील.